पाण्यावर नाव घेऊ नये

जिन्याच्या फरशीवर जोडवी वाजली. टक्, टक्, आणि थांबली.

दुपारची वीज गेली होती. त्यामुळे खालची पिठाची गिरणी गप्प होती, आणि गिरणी गप्प म्हणजे अख्खं घर गप्प. पाच वर्षांची जुई चटईवर उताणी झोपली होती. तिच्या उशाशी बसून मी मांडीवरच्या पुस्तकातलं एक वाक्य मराठीत आणायला बघत होते. ते काही केल्या येत नव्हतं.

"झोपलं का गं लेकरू?" दारातून अक्कांनी विचारलं, इतकं हळू की आवाज त्यांचा वाटेना. एरवी गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय असलेली बाई ती.

"झोपली. या ना."

अक्का आमच्या घरमालकीण. पाटबंधारे खात्यातल्या माझ्या नवऱ्याची, शैलेशची, बदली झाली आणि आम्ही कृष्णाकाठच्या त्या गावात आलो, तेव्हा त्यांनी गिरणीवरच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या, आणि खोल्यांबरोबर स्वतःलाही देऊन टाकलं. आता त्यांनी पदराखालून वाटी काढली. पावट्याची उसळ. ती माझ्यापुढे सरकवून त्या भिंतीला टेकून बसल्या, आणि पुस्तकाकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "कुठवर आली तुजी बाई?"

"नदीच्या तळाशी."

"आनि ती पोरगी? पोचली का तितवर?"

पुण्याच्या एका प्रकाशकानं मला मुलांची एक कादंबरी भाषांतराला दिली होती. मेक्सिकोतली. तिथं म्हणे नदीकाठी पांढऱ्या कपड्यांतली एक बाई रडत फिरते. नवऱ्यानं टाकलं त्या रागात तिनं आपलीच पोरं नदीत बुडवली. आता ती त्यांना शोधते, आणि एकटं सापडेल ते पोर घेऊन जाते. तिथल्या आया हे सांगून मुलांना अंधाराआधी घरात घेतात. कादंबरीच्या लेखिकेनं गोष्ट दुसऱ्या टोकानं धरली होती. इनेस नावाच्या मुलीचा धाकटा भाऊ तोमास नदीवरून नाहीसा होतो, सगळे म्हणतात बाईनं नेला, आणि ही पोरगी त्याला परत आणायला सरळ नदीत उतरते. दुपारी जुई झोपली की मी जमेल तेवढं मराठीत उतरवायचे आणि संध्याकाळी तिला वाचून दाखवायचे. जुईच्या निमित्तानं अक्का ऐकायच्या. थोड्याच दिवसांत असं झालं, की अक्कांच्या निमित्तानं जुई ऐकायला लागली. ते पुस्तक छापून आलं त्यालाही आता वर्षं झाली. जुई ते आपलं आपण वाचते, धाकट्या भावाला वाचून दाखवते, वर बाईचा आवाजही काढते.

पण अक्कांइतकं ते पुस्तक कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्या मध्येमध्ये अडवायच्या.

"पांढरं का नेसलीया? नवरा तर जित्ता हाय म्हनलीस."

"तिकडे लग्नात पांढरं घालतात, अक्का."

"म्हंजे लग्नातलंच लुगडं अंगावर ऱ्हायलं म्हनायचं," त्या म्हणाल्या.

इनेस नदीखालच्या बाजारात पोचते, तिथं वरच्या जगात हरवलेल्या वस्तू विकायला मांडलेल्या असतात आणि मासे कंदिलासारखे टांगलेले असतात, हे मी वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या मालकांचा, आप्पांचा, चष्मा बघाय सांग तिला. चार दुकानं धुंडाळ म्हनावं." जुई हसून हसून लोळली होती.

आणि अगदी सुरुवातीला, या बाईला मराठीत काय म्हणावं, हडळ म्हणू की चेटकीण, असं मी विचारलं, तेव्हा अक्का धान्य पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "बाई म्हन. नुसती बाई. लेकरं गेलेलीला आनि येगळं नाव कशाला?"

त्या दुपारी मात्र त्या बाजारासाठी किंवा माशांसाठी आल्या नव्हत्या. वाटीतली उसळ मी संपवली तरी त्या उठल्या नाहीत.

"मंजिरी, मला येवढंच सांग. तिनं बुडवली का न्हाई?"

"अजून तिथवर आले नाही मी."

"लिहीत आली नसशील. वाचलं तर असशील की समदं. आदी वाचल्याबिगर कोन लिहितं?"

"शेवट आधी सांगितला तर ऐकण्यातली मजा जाईल, अक्का."

"मला मजा नको," अक्का म्हणाल्या.

जुई कुशीवर वळली. अक्कांनी हात लांब करून तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग स्वतःच विषय बदलल्यासारखं म्हणाल्या, "शुक्रवारी आसरांची ओटी हाय. हिला पाच पुरी झाली न्हवं? घिऊन चल. पाच झाली की पोराला एकडाव पान्याला दावायचं असतं."

मी हो म्हटलं. शेवट सांगितला नाही, कारण मला भीती वाटत होती. थोड्याच दिवसांपूर्वी पीठ आणायला खाली गेले असताना पारूकाकी भेटल्या होत्या. त्या पलीकडच्या आळीतल्या, अक्कांपेक्षा वयानं मोठ्या, आणि गावात कुणाचं काय झालं हे सांगायचं काम बहुतेक त्यांच्याकडेच होतं. अक्का आत चाळणी आणायला गेल्या तशी त्यांनी मला कोपराला धरून बाजूला घेतलं.

"तुला ठावं न्हाई व्हय? हिचा धोंड्या ह्याच पान्यात गेला. येकुलता. साताठ वर्साचा आसंल. आसरांनी नेला. पन बाई कशी म्हनशील." पारूकाकींनी आवाज आणखी खाली आणला. "पोर डोळ्याम्होरं जात हुतं, तरी हिनं रीत मोडली न्हाई. पान्यावर नाव न्हाई घेतलं. म्हनून तर ओटीचा मान तिचा. दुसरी असती तर तिची छाती न्हवती."

ही रीत मला गावात आल्या आल्याच कळली होती. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. घाटाच्या खाली, उंबराच्या मुळाशी, शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या या. पाण्यावर पोराचं नाव त्यांच्या कानावर पडलं, की त्या त्याच नावानं हाक मारतात आणि पोर पाण्यात चालू लागतं, असं तिथं मानतात. म्हणून घाट उतरला की सगळे मुलगे धोंड्या आणि सगळ्या मुली धोंडी. दगड कोण नेणार? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. एखादी बाई गोधडी पिळता पिळता "धोंड्या, वर ये" म्हणून ओरडायची, आणि घाटावरचं एकही पोर मान वर करायचं नाही. जो तो समजायचा, दुसऱ्याला बोलावतायत.

तर पुस्तकातली बाई अक्कांना का हवी होती, हे मला कळलं होतं. त्या कसला तरी निकाल ऐकायला बसल्यासारख्या बसायच्या. बुडवली का नाही. आणि तो निकाल माझ्या तोंडून जायचा होता. लेखिकेनं बाईला सोडवलंय, हे मला ठाऊक होतं. पण ते अक्कांना पुरेल की त्यांच्यावर उलटेल, हे ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही घाटावर गेलो. माघातली सकाळ, पाणी आटून निवळ झालेलं, पलीकडच्या काठावर एक माणूस म्हशी धूत होता. जुईला मी परकर-पोलकं घातलं होतं आणि तिच्या हातात तिचा स्वतःचा द्रोण होता, त्यात कणकेचा दिवा. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली अरुंद वाळू, आणि तिच्यापुढे गुडघाभर पाणी. आठ-दहा बायका आधीच आल्या होत्या.

"या पुस्तकवाल्या बाई," पारूकाकी म्हणाल्या. "आता आसरांना बी वाचून दावती का काय?"

"दावंल की," अक्का म्हणाल्या. "तुमच्या बडबडीला कटाळल्यात त्या."

बायका हसल्या. अक्कांनी सातही दगड धुतले, हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकीपुढे हिरवी बांगडी आणि दहीभाताचा घास ठेवला. त्यांचे हात सरावानं चालत होते, पण त्यांची नजर दगडांवर नव्हती. ती सारखी पोरांवर जात होती. खणानारळानं ओटी भरून झाली. मग बायकांनी एकेक द्रोण पाण्यात सोडला, आणि पोरांनी आपापले सोडले. जुईचा दिवा पेटता राहिला. बाकीच्यांचे विझले, तिचा नाही. तो हळूहळू प्रवाहाला लागला आणि जुई त्याच्यामागून चालायला लागली.

मी प्रसादाचं ताट धरून उभी होते. पाणी तिच्या घोट्यापर्यंत होतं. मला वाटलं, थांबेल. मग ते पोटऱ्यांपर्यंत आलं, परकराचा काठ भिजला.

"धोंडे," मी हाक मारली. "मागं ये गं."

ती चालतच राहिली. तिच्या मागे आणखी दोघी मुली काठाशी खेळत होत्या, त्यांनीही पाहिलं नाही.

"धोंडे, पुरे आता. मागं फिर."

ताट मी कुणाच्या हातात दिलं आठवत नाही. पायरीवर शेवाळ होतं, माझा पाय सरकला, मी हातावर आपटले आणि उठले. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत होतं आणि ती दोन्ही हात पुढे करून दिव्याकडे चालली होती, अगदी शांत, घरातून अंगणात चालावं तशी. माझ्या तोंडातून तिसऱ्यांदाही धोंडीच निघालं. माझं शिक्षण, माझं हसू, सगळं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. आठ-दहा बायका उभ्या होत्या, सगळ्या धोंडी धोंडी ओरडत होत्या, आणि माझ्या मुलीला वाटत होतं की दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत.

"जुई."

अक्कांचा आवाज. गिरणीवरचा आवाज. नदीच्या पलीकडे आपटून तो परत आला.

"जुई, मागं बघ. जुई."

जुई थांबली आणि वळली. माझ्याकडे नाही, अक्कांकडे पाहिलं तिनं, आणि हसली. तोवर मी पाण्यात पोचले होते. मी तिला उचललं. पारूकाकी आपली काठी घेऊन माझ्यामागून आल्या होत्या. त्यांनी ती जुईच्या पुढच्या पाण्यात टेकायला बघितली. काठी टेकली नाही. त्या वाकल्या, हात कोपरापर्यंत बुडाला, तरी टेकली नाही.

"वाळू काढल्याला खड्डा," पारूकाकी म्हणाल्या.

मी जुईला छातीशी धरून पायरीवर आणलं, पदरात गुंडाळलं. ती वैतागली होती. "माझा दिवा गेला ना," म्हणत होती. बायका गोळा झाल्या, कुणी टॉवेल दिला, कुणी तिच्या डोक्यावरून मीठमोहऱ्या उतरवायला हव्यात म्हणाली. मग एकेक करून सगळ्याजणी अक्कांकडे बघायला लागल्या.

"अक्का," पारूकाकी म्हणाल्या, रागानं नाही, विचारल्यासारखं, "पान्यावर नाव घेटलंसा."

"घेटलं."

"तुमी घेटलंसा."

"मीच घेटलं. फुडल्या साली ओटी दुसऱ्या कुनी भरा."

बायका पाट्या आवरू लागल्या, हळूहळू घाट चढू लागल्या. अक्का माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. जुईचे ओले पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतले आणि पदरानं चोळत राहिल्या.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "शेवट."

मी सांगितला. दुसरं काही सुचतही नव्हतं. इनेस बाईसमोर उभी राहते आणि तिला थेट विचारते, तू बुडवलीस का? बाई म्हणते, नाही. मी कपडे धूत होते. एक क्षण माझी पाठ पोरांकडे होती, आणि तेवढ्यात नदी फुगली. मग इनेस तोमासला घेऊन वर येते आणि गावाला खरं सांगते. गाव काठावर दिवे लावतं, बाईची क्षमा मागतं. त्या रात्रीपासून बाई रडायची थांबते.

"थांबती?"

"हो."

अक्कांनी जुईचा एक पाय खाली ठेवला, दुसरा घेतला.

"सोपं केलंया तिनं."

"मुलांचं पुस्तक आहे, अक्का."

"म्हनून काय झालं? पोरास्नी सोपं सांगू ने. त्यास्नी कळतंय." त्या पाण्याकडे बघत होत्या. "पाठ फिरली हुती म्हनं. पाठ फिरली असती तर मी बी रडून मोकळी झाली असती. माजी पाठ न्हवती फिरली. मी बघत हुती."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या थांबल्या असत्या.

"गोधड्या घिऊन आल्ती. त्यो हितं खेळत हुता, आनि वाळूवाल्यांनी त्याच साली उकराय सुरवात केलेली. मला खड्डा ठावं हुता. त्यो तिकडं चालला तवा मी उबी ऱ्हायली आनि हाक मारली. धोंड्या, मागं ये. पोरं लई हुती घाटावर. समद्या बाया आपापल्या धोंड्याला वरडत हुत्या. त्यो चालला आपला. मला दिसत हुतं, त्येला वाटतंय आपल्याला न्हाई हाक." अक्कांचा हात जुईच्या पावलावर थांबला. "नाव माज्या तोंडात आलं हुतं, मंजिरी. हितं जिबेवर. मी गिळलं. म्हनलं, नाव घेटलं तर आसरा नेतील. गिळलं, आनि फुडच्या पावलाला त्यो न्हवता."

पलीकडे म्हशीवर पाणी मारल्याचा आवाज येत होता.

"गाव म्हनतं, बाईनं रीत पाळली. मान दिला मला. दर साली हितं येती, ओटी भरती, बाया पाया पडत्यात." त्या हसल्यासारख्या झाल्या. "नेलेल्याचं नाव परत घेत न्हाईत आमच्यात. आप्पा बी घेत न्हाईत. येवढी वर्सं घरात ते नाव न्हाई. कवा कवा मला वाटतं, आमी दोगं मेल्यावर ते ठावं असनारं बी कुनी उरायचं न्हाई."

"अक्का, मला सांगा. मी घेईन."

"तुला कशापाई? ज्येचं हाय त्येला सांगते."

त्यांनी जुईचे पाय माझ्या मांडीवर दिले आणि उठल्या. गुडघ्यावर हात रोवून, एकेक पायरी उतरून त्या वाळूवर गेल्या. पाण्यापाशी उभ्या राहून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"उत्तम," त्या म्हणाल्या.

आधी हळूच, शाळेला उशीर होतोय म्हणून अंथरुणातल्या पोराला उठवावं तसं. काहीच झालं नाही. पाणी होतं तसंच चाललं होतं. मग त्यांनी श्वास घेतला.

"उत्तऽम. उत्तम, मागं ये रं."

घाट चढणाऱ्या बायका थांबल्या. पारूकाकींनी डोक्यावरची पाटी उतरवून पायरीवर ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. पलीकडच्या काठावर म्हशी धुणाऱ्या माणसानं मान वर करून इकडे पाहिलं. अक्का पुन्हा पुन्हा हाक मारत होत्या, रडत नव्हत्या. फक्त हाक मारत होत्या, आणि मधे मधे थांबून ऐकत होत्या.

पदराच्या गुंडाळीतून जुईनं हात बाहेर काढला. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई," ती माझ्या कानाशी म्हणाली, "पाण्यात मुलं मोठी होतात का?"